छोटे फादर

मिस्सा आटोपून घरी येईपर्यंत आक्कांचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळी चर्चमध्ये प्रवचन संपल्यावर फादरांनी कागद उचलून त्यांच्या भाच्याचं नाव वाचलं होतं. हा तरुण लवकरच डीकन, म्हणजे फादर होण्याच्या अलीकडच्या पायरीवर, होणार आहे, त्याच्या दीक्षेला बाधा येईल असं काही कुणाला ठाऊक असेल तर त्यानं ते येऊन सांगावं, तसं सांगणं त्याचं कर्तव्य आहे. हीच घोषणा पुढचे दोन रविवार पुन्हा व्हायची होती. खरं तर ती ताकीद. पण आक्कांनी ती बक्षीस समारंभ ऐकावा तशी ऐकली. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून त्यांनी दोनदा "आमचाच हो" असं सांगितलं, आणि ती बाई तर या घराला जन्मापासून ओळखत होती.

काका, आक्कांचे धाकटे भाऊ, शेवटच्या बाकावर होते. ते नेहमी तिथंच बसत. त्यांच्या तरुणपणी याच वेदीवरून त्यांचं नावही असंच वाचलं गेलं होतं, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी ते वाचलं गेलं नाही, कारण त्याच आठवड्यात ट्रंक हातात घेऊन काका घरी परत आले होते. तेव्हापासून गावाच्या लेखी ते 'परत आलेले'. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे दुसरी ओळखच नव्हती. आज पुतण्याचं नाव ऐकताना त्यांच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं. घराण्याचं राहिलेलं देणं आता हा पोरगा फेडतोय, असं त्यांना वाटलं, आणि त्याबद्दल त्यांनी देवाचे मनापासून आभार मानले.

खाली चष्म्यांचं दुकान आणि वर घर, अशी त्या कुटुंबाची दुमजली दुनिया होती. दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ आणि पुतण्याचे वडील, पुढं फ्रेमा विकत आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारत. काका मागच्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासत. परत आल्यावर त्यांना बसायला ती खोली मिळाली आणि ते तिथंच राहिले. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी आग्रहही केला नाही.

"फादर होणं म्हणजे लग्न आहे का, की तारीख काढली आणि उरकलं?" दादा गिऱ्हाइकांना सांगत आणि दुकानाच्या भिंतीवर शोभेला लावलेल्या, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावर पट्टी ठेवत. सगळ्यात वरचं ढब्बू अक्षर म्हणजे धाकटी सेमिनरी, फादर होऊ पाहणाऱ्या पोरांची शाळा. मिसरूड फुटायच्या आत पोरगं घर सोडतं, पहाटे उठायला आणि गप्प बसायला शिकतं. त्याखाली तयारीचं वर्ष. मग तत्त्वज्ञानाची वर्षं, ज्यांत देव आहे की नाही यावर, दादांच्या मते, इतका खल होतो की देवालाही शंका यावी. मग पुस्तकांतून बाहेर काढून एखाद्या चर्चमध्ये माणसांत राहायला धाडतात, आजाऱ्यांकडे जा, पोरांना शिकव, लोकांची भांडणं ऐक. तिथून जे टिकतात ते ईशज्ञान शिकायला बसतात. त्यातच आधी वाचक, मग वेदीसेवक असे छोटे मान मिळतात. आणि तळाशी, डोळे बारीक करून वाचावी लागते ती ओळ म्हणजे डीकन. तिथं आयुष्यभर लग्न न करण्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन द्यायचं. ते दिलं की फादर व्हायला उरतात फक्त काही महिने. "वरच्या ओळी काय, कुणीही वाचतं हो," दादा म्हणत. "खरा कस खालच्या ओळीला." हे बोलताना अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे पाहायचं ते टाळत.

आज रविवार, दुकान बंद. पण डीकनला वेदीवरून बायबलातलं शुभवर्तमान वाचावं लागतं आणि पुतण्याच्या चष्म्याचा नंबर जुना झाला होता. "तिथं अडखळलास तर आमची नाकं कापली जातील," असं म्हणून आक्कांनी त्याला जेवणाआधीच खाली पिटाळला. काकांनी त्याला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि भिंगांची पेटी उघडली.

"वाच."

पुतण्यानं वाचलं. काकांनी भिंग बदललं.

"आता बरं दिसतं की आधी बरं होतं?"

"आता."

"आणि आता?"

"आता अजून बरं."

काकांनी आधी बत्तीनं डोळ्यात पाहून नंबर अंदाजला होता, आणि पोराची उत्तरं त्याच्याशी मुळीच जुळत नव्हती. अशी गिऱ्हाइकं त्यांना नवी नव्हती. काही माणसांना डोळे तपासणं म्हणजे परीक्षा वाटते. तपासणाऱ्याला काय ऐकायचंय याचा अंदाज घेऊन ती उत्तर देतात. त्यांच्यासाठी काकांनी पेटीच्या एका कप्प्यात बिननंबरी काच ठेवली होती, खिडकीला असते तशी साधी. ती घातली काय आणि काढली काय, सारखंच. काकांनी ती काढली, रुमालानं पुसली, अगदी नाजूकपणे फ्रेममध्ये बसवली.

"नीट बघ. आता?"

"वा, काका! आता एकदम स्वच्छ."

काकांनी ती काढून तीच पुन्हा घातली.

"आणि ही?"

"ही त्याहून छान."

खोलीत फक्त तक्त्यामागचा दिवा जळत होता. काकांनी फ्रेम त्याच्या नाकावरून उतरवली आणि स्टूल ओढून समोर बसले.

"काच साधी होती रे. दोन्ही वेळा."

पुतण्या आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"तुम्ही एवढं मन लावून पुसून घातलीत. म्हटलं, काहीच फरक नाही म्हणालो तर तुम्हाला वाईट वाटेल."

"डोळे तुझे आणि वाईट मला वाटेल?"

काकांना विचारायचं नव्हतं, पण प्रश्न तोंडातून निसटलाच. "सेमिनरीतले रेक्टर विचारतात ना दर पायरीला? स्वतःच्या मनानं चाललायस ना, कुणी भरीला तर घातलं नाही ना?"

"विचारतात की. समोर बसवून, दार लावून. फार चांगले आहेत ते, काका. तेही अगदी मन लावून विचारतात."

"मग तू काय म्हणतोस?"

"हो म्हणतो."

"आणि ते खरं असतं का?"

पुतण्यानं डोळे चोळले. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा फार कोवळा दिसत होता. "खोटं नसतं. माणसानं विचारलं की आपण आधी आत डोकावतो ना, मग बोलतो? माझं तसं होतच नाही. समोरच्याचा चेहरा दिसतो आणि हो येऊन जातं. लग्न नको असं काही नाही, हवं असंही काही नाही. प्रार्थना आवडते. माणसं आवडतात. पण हे सगळं मला आवडतं की मी ते करताना तुम्ही सगळे खूश असता ते आवडतं, ते मला सांगता येत नाही. वचन द्यायचंय, म्हणून हल्ली भीती वाटते."

"मग सांग की त्यांना!"

"आणि आईला? आत्याला? नाव वाचून झालंय, काका. तुम्ही काही बोलू नका हं. शपथ आहे."

वरून आक्कांची हाक आली, "छोटे फादर, जेवायला!" आणि पुतण्या चटकन उठला. "आलो आत्या," असं म्हणताना त्याचा आवाज असा काही उजळला की काकांना ते ऐकवेना.

छोटे फादर. हे नाव कधी पडलं ते काकांना पक्कं आठवत होतं. त्यांच्या परत येण्यानंतर या घरातलं हसू आटलं होतं. आक्का बाहेर जायच्या नाहीत, दादा वहिनींवर उगाच डाफरायचे, जेवताना भांड्यांचा तेवढा आवाज. अशा घरात हा जन्मला. चालता-बोलता झाल्यावर एकदा त्यानं गळ्यात टॉवेल अडकवला, बिस्किट दोन्ही हातांनी उंच धरलं आणि काहीतरी पुटपुटून ते सगळ्यांना वाटलं. आक्का हसल्या आणि हसता हसता रडल्या. दादांनी त्याला खांद्यावर घेतलं. वहिनींनी ही देवाची खूण मानून, दृष्ट काढल्यासारखे दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवले. पोराला कळलं की हे केलं की घरात उजेड पडतो. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा टॉवेल मागितला. मग त्याला पहिला घास, चांगली खुर्ची, छोटे फादर म्हणून हाक. त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, त्यानंही कधी कुणाला नाही म्हटलं नाही. सगळे म्हणत, बघा, उपजतच गुण आहेत. काकाही म्हणाले होते. सगळ्यात मोठ्यानं तेच म्हणाले होते, कारण घराला नवा फादर मिळत होता आणि लोकांना जुन्याचा विसर पडणार होता.

जेवणाच्या टेबलावर आक्कांनी मोहीम उघडलीच होती. दीक्षेला कुणाकुणाला बोलवायचं, पडदे बदलायचे की धुवायचे, नवा डीकन वेदीवर झगा चढवताना घरातलं कुणी मदतीला उभं राहायचं.

"आईबापानंच राहावं," दादा म्हणाले.

"तुला झग्याची पुढची बाजू कळते का मागची?" आक्का म्हणाल्या. "मी राहते. माझा हात बसलाय."

"तुमचा हात कशात बसला नाही, ते सांगा," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, आणि दादा तोंडात घास असताना हसले. फार दिवसांनी टेबलावर असा मोकळेपणा होता. काकांनी ताटात पाहिलं. मूग गिळून बसणं त्यांना नवं नव्हतं, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पुतण्यानं शपथही घातली होती. पण सकाळचे शब्द त्यांच्या कानातून जाईनात. कुणाला ठाऊक असेल तर त्यानं सांगावं. आणि ठाऊक तर त्यांनाच होतं.

"याला एक वर्ष थांबू द्या," काका म्हणाले.

"म्हणजे?" आक्कांचा हात तसाच थांबला.

"म्हणजे आत्ता डीकन नको. रेक्टरना सांगू, त्याला वेळ हवाय. ते देतात."

"त्याला वेळ हवाय की तुला पोटदुखी झालीय?" आक्का उसळल्या. "तुझ्यानं झालं नाही, म्हणून त्याचंही होऊ द्यायचं नाही? सकाळी नाव वाचलं तेव्हा मागं बसून हाच विचार चालला होता होय?"

"आक्का, बस," दादा म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. ते भावाकडे वळले. "अरे, असं कसं बोलतोस तू? पुढच्या रविवारी नाव वाचलं गेलं नाही तर? एकदा आपण ते बघितलंय. वडील त्या दिवसानंतर चर्चची पायरी चढले नाहीत. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, दादा."

"मग?"

"मग काय. ते माझ्यामुळे झालं. त्याचं ओझं याच्या डोक्यावर का?"

वहिनींनी डाव भांड्यात ठेवला. "आपण वाद कशाला घालतोय? तो समोर बसलाय. त्यालाच विचारा ना."

"विचारा, विचारा," आक्का म्हणाल्या आणि पुतण्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला. "बाळा, तुला डीकन व्हायचंय ना?"

"हो, आत्या."

"ऐकलंस?" आक्का काकांना म्हणाल्या.

"कुणाच्या दबावाखाली नाही ना रे?" दादांनी विचारलं. "स्वतःच्या मनानं?"

"हो, बाबा. मनानंच."

काकांना वाटलं, आता बोलण्यात अर्थ नाही. त्यांनी खुर्ची मागं सरकवली आणि उठता उठता, जवळजवळ कळवळूनच, विचारलं, "आणि तुला थोडं थांबायचंय ना, बाळा?"

"हो, काका."

हे 'हो' आधीच्या दोन्हींसारखंच होतं, तितकंच गोड, तितकंच तत्पर. पुतण्याला स्वतःलाही ते ऐकू आलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. दादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतकी वर्षं ज्या गुणाचं या घरानं कौतुक केलं, तो काय होता हे बसल्या जागी सगळ्यांना एकदमच कळलं.

वहिनी हलल्या त्या सगळ्यांच्या आधी. त्या टेबलाला वळसा घालून मुलाच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. खांद्याला हात लावणार होत्या, पण लावला नाही. त्यांनी नुसती खुर्चीची पाठ धरली.

"वळू नकोस," त्या म्हणाल्या. "आता माझं तोंड दिसत नाही ना तुला?"

"नाही."

"ह्यांच्या कुणाकडेही बघू नकोस. डोळे मिट हवं तर. आता सांग. तुला फादर व्हायचंय?"

त्यानं डोळे मिटले. इतका वेळ गेला की ताटातली भाजी निवली. दोनदा त्याचे ओठ हलले, ते नेहमीचं उत्तर येऊ पाहत होतं, आणि दोन्ही वेळा त्यानं ते गिळलं. आक्का पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

"मला माहीत नाही, आई," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही."

वहिनींनी खुर्चीची पाठ आणखी घट्ट धरली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मुलाला ते दिसणार नव्हतं, आणि आवाजात त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नाही. "बरं," त्या म्हणाल्या. "माहीत नाही तर नाही. आम्ही इतकी वर्षं विचारलंच नाही, तुला तरी कुठून माहीत असणार?"

"पण लोकांना काय सांगायचं?" आक्का पुटपुटल्या. त्यात आता राग नव्हता, नुसती धास्ती होती. "पुन्हा तेच. पुन्हा परत आलेला म्हणतील."

"तो परत आलेला नाही, आक्का. तो थांबलाय," दादा म्हणाले. बोलून झाल्यावर आपण कुणाची बाजू घेतली याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "उद्या मी फादरांकडे जातो. ते रेक्टरशी बोलतील."

वहिनी अजून खुर्चीमागंच होत्या. त्या काकांकडे पाहत होत्या, आणि काकांना ती नजर सोसवेना.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा मी या घरात नवी होते. मला काही बोलायची सोय नव्हती. तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का हो?"

"काय?"

"हेच. का आलात, पुढं काय."

"नाही, वहिनी."

"मुळीच नाही?"

काकांनी दादांकडे पाहिलं, मग आक्कांकडे. "रेक्टर म्हणाले होते, घरी जाऊन राहा थोडे दिवस. मन शांत झालं की परत ये, तुझी जागा ठेवतो. मी सोडून आलोच नव्हतो. थांबायलाच आलो होतो. पण मी दारात ट्रंक ठेवली आणि आक्का रडायला लागली. वडील उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी माझे झगे कुणाला तरी देऊन टाकले होते. दादानं खालच्या खोलीत खुर्ची टाकून दिली. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. सगळे इतके जपून वागत होते की मला सांगायचं धाडसच झालं नाही. म्हटलं, कुणीतरी विचारेल, मग सांगू."

"आणि विचारलं असतं तर?"

"तर मी परत गेलो असतो."

दादांनी मान खाली घातली. पुतण्यानं डोळे उघडले होते आणि तो काकांकडे असा पाहत होता, जणू त्यांना पहिल्यांदाच भेटतोय.

"मला वाटलं, विचारलं तर तुला लागेल," आक्का म्हणाल्या. "देवाशपथ, मला तेच वाटलं."

"मला कळत होतं गं."

आक्कांनी डोळे पुसले. त्या आता थकलेल्या दिसत होत्या, सकाळच्या आक्काच राहिल्या नव्हत्या. त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत धाकट्या भावाच्या समोर आणली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मग आता विचारते," त्या म्हणाल्या. "का आला होतास रे?"

काकांनी बोलायला तोंड उघडलं. हे उत्तर त्यांनी तरुणपणापासून तयार ठेवलं होतं, शब्दन् शब्द घोळवून, कुणी विचारलंच तर लगेच देता यावं म्हणून. आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि ते काही केल्या त्यांना आठवेना.